ऑपरेशन झाले, आता आयएनआरची वही कोण बघणार?

महोदय,

हृदयशस्त्रक्रियेच्या बातम्या ठरलेल्या साच्यात छापून येतात. शिबिर झाले, योजनेतून मोफत ऑपरेशन झाले, रुग्णाला गुलाबाचे फूल देऊन निरोप दिला. बातमी तिथे संपते. ज्याच्या हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) बसला आहे त्याचा अभ्यास मात्र त्याच संध्याकाळी सुरू होतो, घरात पहिल्यांदा रक्त पातळ करणारी गोळी हातात घेतल्यावर. रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर, आणि तो लिहून ठेवायची वही इथूनच लागते. आम्ही नाशिक शहर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले व्हॉल्व्ह बदललेले काही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहोत. दवाखाना आणि घर यांच्यामध्ये एक मोठी फट राहते. ती डॉक्टर भरू शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे ओपीडीत माणशी पाच मिनिटे असतात. वर्ष-दोन वर्षे आधी याच वाटेने गेलेला रुग्ण ती बरीचशी भरू शकतो. कशी, आणि त्याने कुठे तोंड बंद ठेवायचे, हे दोन्ही सांगण्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे व्हॉल्व्ह खराब होण्यामागे अजूनही र्‍हुमॅटिक ताप हे मोठे कारण आहे. लहानपणी, साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या वयात घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात, आणि त्यातून डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू जाड होऊन आकसते. त्यामुळे ऑपरेशनला आलेला माणूस पुष्कळदा म्हातारा नसतोच. तिशी-चाळिशीतली बाई असते, जिच्यावर घरातले पाणी, स्वयंपाक आणि शेतातली मजुरी असते. तिला दिलेला ‘विश्रांती घ्या, वजन उचलू नका’ हा सल्ला बरोबरच आहे, पण अपुरा आहे. कसले वजन, किती दिवस, आणि मग पाणी कोणी भरायचे?

छातीचे हाड मधोमध कापून ते स्टीलच्या तारांनी परत बांधलेले असते. हे हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्के व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे तो शेवटची मर्यादा समजा. भरलेला हंडा पंधरा किलो, टोमॅटोचे क्रेट वीस, भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या घरात. दीड वर्षांचा नातूसुद्धा दहा किलोंचा असतो. त्याला मांडीवर दुसऱ्याने आणून ठेवायचे, आपण खाली वाकून उचलायचे नाही. नुसते वजनच नाही, ओढणे आणि ढकलणेही तितकेच वाईट. हातपंप, ओल्या चादरीचा पिळा, घट्ट कणीक मळणे, कुकरचे अडकलेले झाकण ओढणे, एसटीत वरचा दांडा धरून लटकणे, या सगळ्यांत हाडाच्या दोन फळ्या एकमेकींपासून सरकतात. श्वास घेताना किंवा कूस बदलताना छातीत ‘कट्’ असे जाणवले, जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेही रुग्णांनी तर अजिबात नाही.

अंथरुणातून उठण्याची रीत कोणीतरी प्रत्यक्ष करून दाखवायला लागते, कागदावर वाचून ती येत नाही. आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकत्र ठेवून एका कुशीवर वळा, पाय पलंगाच्या बाहेर सोडा, आणि पायांच्या वजनानेच वर या. हाताच्या कोपरावर जोर देऊन उठायचे नाही. खोकताना उशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची. खोकला दाबायचा नाही, कफ साठला की न्यूमोनिया. प्लॅस्टिकच्या तीन गोल गोळ्या आत असलेले श्वासाचे यंत्र बहुतेकांना दिलेले असते. त्यावर 600, 900 आणि 1200 असे आकडे असतात, म्हणजे सेकंदाला किती मिलिलिटर हवा ओढली ते. ते यंत्र फुंकायचे नसते, ओढायचे असते, आणि निम्मे रुग्ण घरी येऊन ते फुंकत बसतात. दर तासाला दहा वेळा, जागे असताना, सावकाश ओढायचे. एक गोळी वर तरंगत राहिली तरी पहिल्या आठवड्यात पुरे, तिन्ही उडवण्याची शर्यत नाही. छातीचा पट्टा खोकताना आणि प्रवासात आधार देतो. पण तो इतका आवळू नये की खोल श्वासच घेता येणार नाही. बायकांनी पुढून हुक असलेली सुती ब्रेसियर घालावी. स्तनांच्या वजनाने जखमेवर ताण येतो, हे पुरुष डॉक्टर सहसा बोलत नाहीत आणि बाई विचारत नाही. अशा ठिकाणी दुसरी बाई लागते.

उलट चूकही होते. घाबरून दोन्ही हात अंगाला चिकटवून महिनाभर बसले की खांदा आखडतो. ताटात हात जाणे, केस विंचरणे, अंघोळीला अंगावर पाणी घेणे हे सगळे करायचेच. शौचाला खुर्चीचे कमोड घ्या, भाड्यानेही मिळते. कुंथणे टाळण्यासाठी इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा.

चालणे हेच मुख्य औषध. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, घरातच. मग रोज एक-दोन मिनिटे वाढवत पाच-सहा आठवड्यांत अर्ध्या तासावर यायचे. मोजमाप सोपे आहे: चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला. नाशिककरांना गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक किंवा गोदापार्क सपाट आहेत, बसायला जागा आहे, तिथे दोघांनी मिळून चालावे. पांडवलेणीच्या पायऱ्या तीन महिने विसरा. सप्तशृंगीच्या गडाला नवस बोललेला असतो, तो फेडायला 2018 पासून फनिक्युलर ट्रॉली आहे. पाचशेवर पायऱ्या चढून देवीला काही वेगळे कळवायचे नाही. दुचाकी तीन महिने चालवायची नाही, मागेही बसायचे नाही. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत हाडाला बसणारा हिसका कोणताही पट्टा थांबवत नाही.

शेतकरी रुग्णांसाठी एक गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी, ती मुंबई-पुण्याच्या माहितीपत्रकात कधी नसते. द्राक्षबागेचे काम डोक्याच्या वर हात करून चालते. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, तासन्‌तास दोन्ही हात मांडवाला लागलेले असतात, हातात कात्री असते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. पाठीवरचा फवारणी पंप भरला की वीस किलोंच्या जवळपास. म्हणून ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर छाटणी संपल्यावरची घ्या, म्हणजे तीन महिने घरच्यांच्या डोळ्यांवर येत नाहीत. कामाला परत लागल्यावर जाड हातमोजे घाला. कापले तर स्वच्छ फडके दहा मिनिटे न उचलता दाबून धरा. मधे उघडून ‘थांबले का’ बघितले की दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून.

आता गोळी. इथेच सगळ्यांत जास्त माणसे अडखळतात.

धातू-कार्बनचा कृत्रिम व्हॉल्व्ह असेल तर ही गोळी जन्मभर. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेला एका चकतीचा व्हॉल्व्ह 1990 साली पहिल्यांदा बसवला गेला, दोन पाकळ्यांचे व्हॉल्व्ह त्याच्याही आधीपासून आहेत, पण गोळीतून सुटका कुणाचीच नाही. प्राण्याच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्व्ह असेल तर बहुधा तीन ते सहा महिने गोळी आणि पुढे गरजेप्रमाणे अ‍ॅस्पिरिन. मात्र तो व्हॉल्व्ह दहा-पंधरा वर्षांत झिजतो. तरुण वयात घेतला तर दुसऱ्या ऑपरेशनची तयारी ठेवावी लागते. यातले आपल्याला कोणते बसवले, हेच काही रुग्णांना ठाऊक नसते. व्हॉल्व्हसोबत एक ओळखपत्र मिळते, त्यावर कंपनी, माप, क्रमांक आणि जागा लिहिलेली असते. ते कपाटात नको, पाकिटात हवे, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला तर पहिला प्रश्न याच कार्डाचा येतो.

रक्त किती पातळ आहे ते आयएनआर या आकड्यावरून कळते. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो. कृत्रिम व्हॉल्व्ह एओर्टिक जागी, म्हणजे हृदयातून महारोहिणी निघते तिथे, असेल तर साधारण 2 ते 3, मायट्रल जागी असेल तर साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात. तुमचा नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर लिहायला हवा. लिहिलेला नसेल तर तो लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. कमी झाला तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

रिपोर्ट वाचायला शिकणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते कुणी शिकवत नाही. कागदावर तीन-चार आकडे असतात: रुग्णाचे रक्त गोठायला लागलेला वेळ, कंट्रोलचा म्हणजे निरोगी रक्ताचा वेळ, त्यांचे गुणोत्तर, आणि आयएनआर. रुग्णाचा 28 सेकंद, कंट्रोल 13, तर गुणोत्तर 2.15. पण त्या लॅबच्या रसायनाचा आयएसआय, म्हणजे ते किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा, 1.3 असेल तर आयएनआर होतो 2.7. मायट्रलच्या रुग्णाने चुकून 2.15 वाचले तर तो ‘कमी झाले’ म्हणून धावपळ करील, प्रत्यक्षात तो अगदी योग्य जागी आहे. म्हणून फक्त आयएनआरसमोरचा आकडा बघायचा, आणि शक्यतो दर वेळी एकच लॅब. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे सायट्रेट आधीच घातलेले असते. रक्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण नऊला एक असावे लागते, म्हणून नळीवर खूण असते. शीर सापडली नाही म्हणून अर्धीच नळी भरली तर आकडा खोटा जास्त येतो, आणि त्यावरून गोळी कमी केली जाते. नळी खुणेपर्यंत भरली का, हे रुग्णाने स्वतः बघावे. लॅबवाला चिडला तर चिडू द्या.

आपल्याकडे या गोळीची दोन नावे जास्त चालतात, अ‍ॅसिट्रॉम (आतले औषध असिनोकौमारॉल) आणि वॉर्फ (आतले औषध वॉरफॅरिन). दोन्हींचे काम एकच, ताकद वेगळी. वॉर्फ 5 म्हणजे अ‍ॅसिट्रॉम 5 नव्हे, साधारण निम्म्या मिलिग्रॅममध्ये अ‍ॅसिट्रॉम तेवढेच काम करते. मेडिकलवाला ‘तीच आहे, दुसऱ्या कंपनीची’ म्हणून हातात ठेवतो तेव्हा आधी आतल्या औषधाचे नाव वाचा. अ‍ॅसिट्रॉम 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येते आणि पाकिटे एकसारखी दिसतात, त्यामुळे घरात दोन ताकदींच्या पट्ट्या असतील तर त्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवा.

‘एक दिवसाआड 2 आणि 3’ असे लिहून दिलेले असेल तर डॉक्टरांनाच विनंती करून ते वारांत बांधून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार 3, बाकी चार दिवस 2. म्हणजे आठवड्याचे 9 आणि 8 मिळून 17 मिलिग्रॅम. एक दिवसाआडचा हिशेब पंधरा दिवसांत हमखास चुकतो. आठवड्याची बेरीज लिहिली की आणखी एक गोष्ट समजते. आयएनआर थोडा कमी आला की डॉक्टर फक्त एका वाराला 2 चे 3 करतात, आणि रुग्णाला वाटते यांनी काहीच केले नाही. 17 चे 18 म्हणजे सहा टक्के वाढ झाली, आणि छोटा फरक तेवढ्याच पावलांनी दुरुस्त करायचा असतो. तो दिसायला तीन-चार दिवस जातात, वॉर्फ असेल तर आठवडा. मधल्या काळात रोज तपासणी करून घाबरण्यात अर्थ नाही.

गोळी संध्याकाळी ठरावीक वेळी. सकाळी रक्त दिले, दुपारी रिपोर्ट आला, डॉक्टरांनी बदल सांगितला तर त्याच दिवशी करता येतो. विसरली आणि त्याच रात्री आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती गेली, वहीत लिहा, दोन एकदम घेऊ नका. सुरुवातीला तपासणी दर तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याला, आकडा स्थिर झाला की महिन्याने. ‘आता दोन वर्षे झाली, कशाला’ असे म्हणून तीन-चार महिने न तपासणाऱ्या जुन्या रुग्णांचेच व्हॉल्व्ह अडकतात. नव्या गोळ्या, म्हणजे डॅबिगॅट्रान, अपिक्साबॅन वगैरे, ज्यांना सारखी तपासणी लागत नाही, त्या यांत्रिक व्हॉल्व्हला चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची चाचणी त्यासाठीच घेतली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती मध्येच थांबवली आणि 2013 मध्ये तसे प्रसिद्धही झाले. मेहुण्याला त्या गोळ्या चालतात, कारण मेहुण्याच्या हृदयात धातू नाही.

पालेभाजी बंद करा असे सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. बंद करायची नाही, सारखी ठेवायची. ही गोळी यकृतात व्हिटॅमिन केच्या आड येते. भाजीतून ते जास्त आले की आकडा खाली, कमी आले की वर. आपल्याकडे खरी गडबड ऋतूंनी होते. थंडीत मेथी, पालक, शेपू स्वस्त झाले की घरात रोज पालेभाजी, आयएनआर घसरतो. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, पालेभाजी नाही, आकडा चढतो. म्हणून आठवड्यातून दोन किंवा तीनदा एक वाटी असे काहीतरी वर्षभर पाळा, आणि नऊ दिवसांचा उपवास धरायचाच असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशी तपासणी करा. जुलाब, उलटी, जेवण न जाणे यांनीही आकडा झपाट्याने चढतो. द्राक्षे खुशाल खा. ‘वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात फार ऐकू येते, ते या गोळीवर असलेल्यांसाठी नाही.

दुसरी औषधे हा याहून मोठा धोका. जुलाबावर गावात सर्रास मिळणारे मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या संसर्गावरची सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमोक्झाझोल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल, अगदी तोंड आल्यावर लावायची मायकोनॅझोल जेलसुद्धा आयएनआर वर नेते. टीबीचे रिफॅम्पिसिन आणि फिटांचे फेनिटॉइन खाली आणते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होतो. दुखण्याला पॅरासिटामोल, तेही थोडे दिवस. काढे, भस्मे, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल यांत किती काय आहे ते कुणी मोजलेले नसते. स्वयंपाकातली हळद आणि लसूण चालतात. कोणतेही नवे औषध सुरू झाले किंवा बंद झाले की तीन ते पाच दिवसांत आयएनआर, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, ठेचा सगळे आले. मिसळ कधीतरी, तर्री सोडून. उपवासाचे सैंधव हेही मीठच आहे. ‘कमी सोडियम’चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम असते आणि काही लघवीच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाते. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे.

मग सोबतच्या रुग्णाचे काम काय? पहिले काम, काय साहजिक आहे ते सांगणे. रात्री उशीवर कान टेकला की व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज येतो आणि माणूस घाबरून बसतो. हा आवाज चांगला. काळजी तेव्हा करायची, जेव्हा रोजचा आवाज दबका झाला किंवा थांबला आणि सोबत धाप लागली. मग एक तासही न घालवता दवाखाना. तोंडाची चव जाणे, रात्री झोप न लागणे, वाचलेले लक्षात न राहणे, आणि काही कारण नसताना रडू येणे, हे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना होते. रडणाऱ्या पुरुषाला ‘आम्हीही रडलो’ असे सांगणारा दुसरा पुरुष भेटला की ते निम्मे होते. दीड-दोन महिन्यांनंतरही तसेच राहिले तर मात्र डॉक्टरांना सांगायचे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, बिटाने लघवी लाल होते. पण लोहाच्या गोळ्या चालू नसताना शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि घाण वासाचे झाले तर तो रक्तस्राव. डोक्याला मार लागला तर टेंगूळ नसले, उलटी नसली तरी सीटी स्कॅन. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळले तर घड्याळात वेळ बघा आणि 108ला फोन करा.

दुसरे काम, आठवण ठेवणे. र्‍हुमॅटिक तापाच्या रुग्णाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन, 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी, व्हॉल्व्ह बदलल्यावरही चालूच ठेवायचे असते. ‘आता नवीन व्हॉल्व्ह बसला’ म्हणून ते बंद करणारे पुष्कळ आहेत. उरलेले व्हॉल्व्ह अजून स्वतःचेच असतात ना. गोळी चालू असताना हे इंजेक्शन द्यायचे तर आयएनआर मर्यादेत असावा, बारीक सुई वापरावी आणि जागा दहा मिनिटे दाबून ठेवावी, चोळू नये. दात काढण्याआधी किंवा हिरड्यांचे काम करण्याआधी अर्धा ते एक तास अ‍ॅमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम घ्यायचे असते, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरे औषध. दंतवैद्याला हे रुग्णानेच सांगायचे, आणि त्यासाठी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ताप दोन-तीन दिवस टिकला तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी. गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन टोचले की कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि व्हॉल्व्हला लागलेल्या संसर्गाचे निदान हुकते. मूल हवे असलेल्या बाईने तर पाळी चुकण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटायचे. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळीने गर्भात व्यंग होऊ शकते, आणि घाबरून गोळी सोडली तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी. हे तिला सासूसमोर विचारता येत नाही, दुसऱ्या रुग्ण बाईला विचारता येते.

आता जुन्या रुग्णाने काय करू नये. डोस सांगू नये, कधीच नाही. एकाला आठवड्याला 10 मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला 30 लागते, आणि त्यात कुणाची तब्येत चांगली-वाईट ठरत नाही. उरलेली पट्टी दुसऱ्याला देऊ नये. ‘मला असेच झाले होते, काही होत नाही’ हे वाक्य धाप, ताप आणि रक्तस्राव या तिन्हींसाठी बंदच ठेवावे. इथे अनुभवी माणूसच जास्त घातक ठरतो, कारण त्याच्यावर नवा रुग्ण डॉक्टरांहून लवकर विश्वास ठेवतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होते, ही मोठीच सोय आहे. पण सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकच्या पाड्यावरच्या रुग्णाला आयएनआरसाठी शहरात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि दोन माणसांचे एसटीचे भाडे जाते. मग तो येत नाही. आमची मागणी एवढीच: तालुक्याच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला वार आयएनआरचा असावा, बाजाराचा वार असला तर उत्तम, कारण त्या दिवशी माणूस येतोच. पेनिसिलिनचे इंजेक्शन त्याच खिडकीवर मिळावे. डिस्चार्ज देताना मराठीत एक पान द्यावे, त्यावर व्हॉल्व्हची जागा, आयएनआरची मर्यादा आणि पुढची तारीख हाताने भरलेली असावी. आणि जिल्हा रुग्णालय व शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयासारख्या ठिकाणी ओपीडीच्या दिवशी जुन्या रुग्णांना बसायला एक बाक द्यावे, ऑपरेशनच्या आधीच्या रुग्णांशी अर्धा तास बोलू द्यावे. 2027च्या सिंहस्थासाठी आरोग्य यंत्रणेची तयारी होईलच, गर्दीच्या दिवसांत या रुग्णांची तपासणी आणि गोळ्या चुकणार नाहीत हेही त्यात धरावे.

असे बाक मिळेपर्यंत जवळच्या जुन्या रुग्णाला भेटायला जाणाऱ्यांनी डिस्चार्ज कार्ड, व्हॉल्व्हचे कार्ड, मागचे तीन आयएनआर रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या न्याव्यात, नुसती नावे नकोत. दोनशे पानी वहीत तारीख, आयएनआर, सात वारांच्या गोळ्या, आठवड्याची बेरीज, वजन, आणि ‘वेगळे काय झाले’ असा एक रुंद रकाना आखावा. त्या शेवटच्या रकान्यातच बहुतेक वेळा उत्तर सापडते: दोन दिवस जुलाब, लग्नाचे जेवण, दाताचे औषध. आणि हो, आयएनआरसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. चहा-नाश्ता करूनच निघा.

आपले,
व्हॉल्व्ह बदललेले काही रुग्ण व त्यांचे नातेवाईक,
नाशिक